ममी कुणाच्या खात्यात?

नांदेड म्हटलं की कापूसवाल्यांना 'नांदेड-४४' आठवतं. माझ्या विषयाचा इतिहास मात्र बराच अलीकडचा. २००७ च्या आसपास बाहेरून आलेला पिठ्या ढेकूण भारतात कपाशीवर पसरला. अंगावर मेणचट आवरण, त्यामुळे फवारण्या वाढतच गेल्या. त्याला आवर घालायला मदत केली एका चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीनं. २००९ मध्ये हयात यांनी तिचं नाव ठेवलं एनॅसियस बंबावालेई. पुढे ती आधीच नोंदलेली एनॅसियस अ‍ॅरिझोनेन्सिस निघाली. तिची अळी ढेकणाला आतून खाते. उरते कडक, तपकिरी ममी.

म्हणून नांदेड-लातूरकडे प्रयोग लावणार असाल, तर फवारणीनंतर मेलेले ढेकूण आणि ममी वेगवेगळ्या मोजा. नाहीतर माशीचं श्रेय औषधाला जातं, आणि त्याच भरवशावर केलेली पुढची फवारणी माशीलाच मारते.