परत येणार ना?

हद्द म्हणजे काय, हे जामखेडच्या माणसाला शिकवायला जाऊ नये. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत आमच्या तालुक्याला लागून निजामाचं राज्य होतं. बैलगाडी जरा पुढे गेली की राज्य बदले, रुपया बदले (इकडे कलदार, तिकडे हाली) आणि करोडगिरीचा नाका आडवा येई. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. नाव ऐकून वाटावं, गाडीत करोड रुपये भरलेत! पण नाक्याला रस गोणीत काय आहे यात. गाडीवानाच्या मनात काय आहे, ही चौकशी जकातीच्या अखत्यारीत येत नव्हती.

मनाची झडती घेणारा नाका पुढे निघाला. त्याला व्हिसा म्हणतात.

हल्ली आमच्याकडची पोरं पुण्यामार्गे अमेरिकेला जातात आणि नातवंड झालं की आईला बोलावतात. मग माउली मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जायला निघते. पिशवीत बँकेचं पुस्तक, घराचा उतारा आणि सातबारा! कारण १९५२ सालच्या अमेरिकन कायद्यात २१४ (ब) नावाचं एक कलम आहे. पाहुणा म्हणून येणारा माणूस कायमचं राहायलाच येतोय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्यानं स्वतः पटवून द्यायचं. खरं सांगायचं तर पाहुण्यांबद्दल आपल्याही मनात हेच असतं. आपण फक्त त्याचा कायदा केला नाही.

व्हिशाचे प्रकार तसे खंडीभर. पण आपल्या घराकडे पाहिलं की चटकन कळतात. बी-२ म्हणजे पाहुणा. शिक्का १० वर्षांचा असला, तरी एका खेपेला किती राहायचं ते तिकडे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा ६ महिने. म्हणजे हा राहण्याचा नव्हे, दार वाजवण्याचा परवाना. एफ-१ म्हणजे वार लावून शिकणारा विद्यार्थी. फरक इतकाच की जेवण पदरचं, आणि तेवढा पैसा आहे याचा पुरावा आधी. एच-१बी म्हणजे सालगडी. आपला सालगडी पाडव्याला वर्षाच्या बोलीवर ठरतो, हा तीन वर्षांच्या बोलीवर, साधारणपणे सहा वर्षांपर्यंत. मालक बदलायचा तर नव्या मालकानं नवे कागद करायचे. आणि ग्रीन कार्ड म्हणजे घरजावई. राहा, कमवा, खा. मत मात्र कोणी विचारणार नाही. नोकरीवरच्या या घरजावयांत एका देशाचा वाटा ७ टक्क्यांचा, मग तो देश भारत असो की चिमुकलं लक्झेंबर. त्यामुळे आपल्या पोरांची रांग हलता हलत नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. चिनी मजुरांना अमेरिकेनं आदल्याच वर्षी दार लावलं होतं, आपल्याला अजून नाही. आनंदीबाईंना अडवलं ते घरच्या वकिलातीनं, म्हणजे आपल्या समाजानं. त्यांची मुलाखत झाली श्रीरामपूरला. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. तिथं २४ फेब्रुवारीला सतरा वर्षांच्या या मुलीनं भरसभेत सांगितलं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. सातबारा नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द! १८८६ साली डॉक्टर होऊन ती परत आली, आणि चारच महिन्यांत पुण्यात गेली.

पुढे १९१७ साली अमेरिकेनं आपल्यालाही दार लावलं. १९४६ साली ते किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसांपुरतं! आमच्याकडच्या एखाद्या बऱ्या लग्नात पहिली पंगत याहून मोठी बसते. १९६५ च्या कायद्यानं दार खरं उघडलं, आणि मराठी डॉक्टर-इंजिनिअर विमानात बसू लागले.

नेमक्या त्याच सुमारास एक जोडपं उलट्या दिशेनं आलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून १९७० साली परतले, आणि परतले ते मुंबईला नव्हे, पुण्याला नव्हे, तर जामखेडला! त्या काळी जामखेडचा माणूससुद्धा शिकला की जामखेडला परतत नसे. आरोळ्यांनी खेड्यातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांना आरोग्य शिकवलं, आणि १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली थेट वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलून आल्या. आता देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी भारताचा व्हिसा काढून जामखेडला शिकायला येतात. म्हणजे व्हिशाची रांग आमच्याही दिशेनं लागते, हे जामखेडकरानं जरा छाती काढून सांगावं.

पण वकिलातीतली ती माउली डोळ्यांपुढून हलत नाही. दावणीला म्हैस, शेतात तूर, देव्हाऱ्यात देव. ही बाई तिकडे राहणार कशाला? पण तिला सातबारा दाखवावा लागतो. मुलाला मात्र २१४ (ब) कायद्यानंच माफ. एच-१बीवाल्याला परत येण्याची खात्री द्यावी लागत नाही. आपल्यात घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. तोही निघताना तिच्या पाया पडून ‘येतो’ म्हणालाच होता. तिनं काही पुरावा मागितला नाही.