लायपोसक्शनमधील रक्तस्राव : अल्ट्रासाउंड पद्धत

त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढताना तिच्यातील बारीक वाहिन्या तुटून जाणारे रक्त. ध्वनिलहरींनी चरबी आधी पातळ केली की हा रक्तस्राव नगण्य राहतो, असे सर्रास सांगितले जाते. पुरावा तपासला तर या घटीचे मोठे श्रेय यंत्राला नव्हे, शस्त्रक्रियेआधी त्वचेखाली भरल्या जाणाऱ्या द्रवाला द्यावे लागते. यंत्राचा वाटा खरा आहे, पण तो शरीराच्या काही भागांतच ठळक दिसतो.

लायपोसक्शनचे आजचे रूप 1970 च्या दशकात रोममध्ये अर्पाद व जॉर्जिओ फिशर या पितापुत्रांनी आणि पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी घडवले. काही न भरता चरबी ओढण्याच्या ‘कोरड्या’ पद्धतीत बाहेर आलेल्या ऐवजापैकी 20 ते 45 टक्के रक्तच असे. म्हणजे 3 लिटर ऐवज काढला तर 600 ते 1,350 मिलिलिटर रक्त गेले. 60 किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगात एकूण रक्त जेमतेम 4 लिटर असते. रक्त चढवण्याची तयारी ठेवूनच तेव्हा शस्त्रक्रिया करावी लागे. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये सलाईनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध आणि 10 लाख भागांत सुमारे 1 भाग ॲड्रेनलिन मिसळून ते चरबीत भरण्याची रीत मांडली. ॲड्रेनलिनने वाहिन्या आकसतात आणि रक्ताचे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास येते. त्याच 3 लिटरमागे आता साधारण 30 मिलिलिटर रक्त जाते. ही सगळी घट साध्या कॅन्युलाने, म्हणजे चरबी ओढण्याच्या नळीने, साधली होती. ट्यूरिनचे मिकेले झोक्की यांचे अल्ट्रासाउंड तंत्र रूढ झाले ते यानंतर.

अल्ट्रासाउंडचा दांडा चरबीत सूक्ष्म बुडबुडे निर्माण करून तिच्या पेशी विलग करतो. तंतू व रक्तवाहिन्या त्यामानाने शाबूत राहतात. पण द्रव न भरता तो चालवला तर ऊती भाजतात, म्हणून द्रवाशिवाय तो वापरतच नाहीत. परिणामी, एकट्या यंत्राने किती रक्त वाचते हे कोणी मोजलेले नाही. यावर आक्षेप असा, की दोन्हीकडे द्रव भरूनही तुलना झाली आहे आणि तीत यंत्र सरस ठरले. हे खरे आहे. 2008 मधील गार्सिया व नेथन यांच्या अभ्यासात, विशेषतः पाठीसारख्या तंतुमय भागात, तिसऱ्या पिढीच्या यंत्राने काढलेल्या ऐवजात रक्त कित्येक पटींनी कमी आढळले. मात्र 2012 मध्ये नागी व व्हानेक यांनी एकाच व्यक्तीच्या दोन बाजू वेगवेगळ्या पद्धतींनी करून तुलना केली, तेव्हा फरक 26 टक्के निघाला. दोन आकड्यांतील ही दरी शरीराच्या भागावरून बरीचशी उलगडते. पाठ किंवा पुरुषाची वाढलेली छाती अशा चिवट जागी यंत्र उपयोगी पडते. मऊ चरबीत, द्रव नीट भरलेला असताना, वाचवायला रक्तच फारसे उरत नाही.

मापनातही गफलत होते. बरणीतला ऐवज फिकट दिसला म्हणून रक्त गेले नाही असे ठरत नाही, कारण काही रक्त ऊतींतच झिरपत राहते. उलट, भरलेला द्रव रक्तात शोषला गेल्याने हिमोग्लोबिन प्रत्यक्ष हानीपेक्षा अधिक उतरलेले दिसू शकते. म्हणून शस्त्रक्रियेआधीचा आकडा आणि नंतरच्या काही दिवसांतली फेरतपासणी, दोन्ही लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ‘थोडेसेच रक्त’ हा हिशेब त्यांना जसाच्या तसा लावणे धोक्याचे. चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) येथील व्यक्तीने पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि लगेच घर गाठले, तर उशिरा कळणारा रक्तस्राव गावात कळेल आणि रक्तपेढी गावाबाहेर शोधावी लागेल. एका बैठकीत 5 लिटरहून अधिक ऐवज काढल्यास रात्रभर रुग्णालयात देखरेख ठेवावी, हा संकेत अशा रुग्णासाठी त्याहून कमी ऐवजालाही लागू करणे योग्य. यंत्राची पिढी कोणती, यापेक्षा हा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारे औषध) : वापर वाढता, मात्रा व देण्याचा मार्ग यांबाबत एकमत नाही.