'राहुल अँड आय' : मूळ गायिकेचेच रिमिक्स

आशा भोसले यांचा 'राहुल अँड आय' हा रिमिक्स गीतांचा अल्बम १९९६ मध्ये प्रकाशित झाला. संगीतकार राहुलदेव बर्मन यांचे ४ जानेवारी १९९४ रोजी निधन झाले होते. त्यांच्या चित्रपटगीतांना लेस्ली लुईस यांनी पॉपच्या धाटणीचा नवा वाद्यमेळ दिला.

त्या काळातील बहुतेक रिमिक्स नवख्या गायकांच्या आवाजात निघत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटली, की पूर्वसूचना देऊन आणि स्वामित्वधन भरून कुणालाही तेच गाणे पुन्हा मुद्रित करता येई. रूपांतरापुरता 'आवश्यक' बदल चालत असे. वादाला वाव होता तो या शब्दातच. (२०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली.)

येथे मात्र मूळ गायिकेनेच गाणी पुन्हा हाती घेतली होती आणि तीही दिवंगत पतीची. त्यामुळे बाहेरच्याने केलेली मोडतोड, हा नेहमीचा आक्षेप येथे लागू पडत नव्हता. तरीही टीका टळली नाही. 'उमराव जान'च्या (१९८१) गझला ज्यांनी आशाताईंकडून गाऊन घेतल्या, त्या खय्याम यांनीच जुन्या चालींशी खेळ केल्याबद्दल त्यांना दोष दिला.

लुईस यांच्यासह १९९७ मध्ये आलेला 'जानम समझा करो' हा अल्बम नव्या गीतांचा होता. बर्मन यांच्या गाण्यांकडे आशाताई २००५ मध्ये पुन्हा वळल्या, त्या अमेरिकेतील 'क्रोनोस क्वार्टेट' या तंतुवाद्यवृंदासोबत. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले.