पचनाचा शोध आणि अलेक्सी सेंट मार्टिन

घास चावून गिळला की आपले काम संपले, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. पुढचे काम शरीर न सांगता करीत राहते. भाकरीचे रक्त कसे होते, वरणभाताचे बळ कसे होते, याचा विचार जेवताना कोणी करीत नाही. आणि करूही नये, नाही तर जेवणाची गोडीच जायची! परंतु हा प्रश्न मनुष्याने स्वतःला फार प्राचीन काळापासून विचारला आहे. पोटात एक अग्नी असून तो अन्न शिजवितो, असे आपल्याकडे मानले जाई. ‘जठराग्नी’ हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे. आणि ‘पचन’ हा शब्दही शिजविणे या अर्थाच्या ‘पच्’ धातूपासूनच आला आहे. प्राचीन ग्रीक वैद्य पचनाला जो शब्द वापरीत, त्याचाही अर्थ शिजविणे असाच होता. पोटातली ही चूल दोन्हीकडच्या विचारवंतांना सारखीच दिसली.

ती खरोखर कशी पेटते, हे पाहण्याची मात्र सोय नव्हती. मृत शरीर उघडून जठराचा आकार कळतो, त्याचे काम कळत नाही. त्यामुळे अठराव्या शतकापर्यंत युरोपातील विद्वानांत वाद चालूच होता. जठर हे जाते असून ते अन्न दळते, असे काहींचे म्हणणे होते. अन्न तेथे आंबते किंवा कुजते, असे दुसरे म्हणत. आणि एखादा रस अन्नाला विरघळवीत असावा, असा तिसरा पक्ष होता. फ्रान्समधील रेओम्यूर याने १७५२ साली या वादात एक युक्ती योजली. घार न पचणारे पदार्थ ओकून टाकते, हे त्याला ठाऊक होते. त्याने दोन्ही तोंडांना जाळी बसविलेल्या धातूच्या नळीत मांस घालून ती नळी पाळलेल्या घारीला गिळविली. नळीतले मांस दळले जाणे शक्यच नव्हते. तरी नळी बाहेर आली तेव्हा मांस बरेचसे विरघळले होते. पुढे इटलीतील स्पालान्झानी याने अन्न भरलेल्या कापडी पिशव्या चक्क स्वतःच गिळल्या आणि त्या रिकाम्या होऊन बाहेर पडल्याचे दाखविले. इंग्लंडमध्ये विल्यम प्राउट याने १८२४ साली प्राण्यांच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे प्रसिद्ध केले. पण जिवंत माणसाच्या जठरात हे सारे घडताना अजून कोणी नीट पाहिले नव्हते.

ती संधी एका अपघाताने आली. अमेरिकेत ह्यूरन आणि मिशिगन ही दोन विशाल सरोवरे जेथे मिळतात, तेथे मॅकिनॉ नावाचे एक लहानसे बेट आहे. त्या काळी तेथे कातडी आणि लोकरी केसांचा मोठा व्यापार चाले. ६ जून १८२२ रोजी ‘अमेरिकन फर कंपनी’च्या दुकानात एका माणसाच्या हातून बंदूक सुटली. जेमतेम एका यार्डावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाचा तरुण उभा होता. तो कॅनडातील फ्रेंच भाषिक खेड्यातला. वय विशीच्या आसपास. होडी वल्हवून व्यापाऱ्यांचा माल वाहून नेण्याची मजुरी करणारा. छऱ्यांनी त्याच्या डाव्या बरगड्या फोडल्या, फुप्फुसाला इजा केली आणि जठराला भोक पाडले. सकाळी खाल्लेले अन्न त्या भोकातून बाहेर आले.

बेटावरील लष्करी ठाण्याचे शल्यवैद्य विल्यम बोमाँट धावत आले. हा माणूस छत्तीस तासही जगणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. अलेक्सी जगला. महिन्यांमागून महिने डॉक्टरांनी त्याची जखम धुतली, मलमपट्टी केली. १८२३ च्या एप्रिलमध्ये, त्याचा खर्च यापुढे आम्ही करणार नाही, असे स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगून टाकले आणि त्याला शेकडो मैल दूर त्याच्या गावी पाठवून देण्याचे ठरले. त्या अवस्थेत तो प्रवास म्हणजे मरणच होते. बोमाँटनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. जखम भरली, पण भोक बुजले नाही. जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटून बरी झाली, आणि पुढे आतल्या अस्तराची एक घडी त्या भोकावर पडद्यासारखी आली. बोटाने तो पडदा बाजूला सारला की सरळ जठराच्या आत दिसे.

पडद्याआड काय चालते हे पाहण्याची ही संधी बोमाँटनी ओळखली. १ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता त्यांनी रेशमी धाग्याला अन्नाचे लहान लहान तुकडे बांधले. त्यांत मसाल्यात शिजविलेले, उकडलेले आणि कच्चे असे गोमांसाचे निरनिराळे प्रकार, खारवलेले कच्चे डुकराचे मांस, शिळा पाव आणि चिरलेला कच्चा कोबी होता. हा धागा त्यांनी भोकातून जठरात सोडला. तासाभराने ओढून पाहिला, तेव्हा पाव आणि कोबी अर्धे पचले होते, मांसाचे तुकडे जसेच्या तसे होते. आणखी एका तासाने पाव, कोबी, डुकराचे मांस आणि उकडलेले मांस धाग्यावरून नाहीसे झाले होते.

त्यानंतर त्याच आठवड्यात त्यांनी जठरातील रस काढून बाटलीत घेतला, त्यात मांसाचा तुकडा टाकला आणि बाटलीला शरीराइतकी ऊब दिली. मांस त्या बाटलीतही विरघळले. पोटात लागतो त्याहून वेळ मात्र कितीतरी अधिक लागला. ‘दळते की कुजते’ हा जुना वाद येथे निकालात निघाला. दळणारे जाते नसतानाही पचन झाले, ते रसाने झाले. चूल नव्हती, पण ऊब मात्र लागत होती. थंड रस जवळजवळ निष्क्रिय राहत होता. आपल्या पूर्वजांच्या अग्नीच्या कल्पनेत एवढे तथ्य निघाले.

या प्रयोगांतून आणखीही पुष्कळ कळले. जठररस पोटात साठून राहत नाही, अन्न आले की अस्तरातून पाझरतो. ताप आला असता किंवा राग अनावर झाला असता पचन बिघडते. मद्यपानाने जठराचे अस्तर लालभडक होऊन सुजते, आणि तरीही त्या माणसाला आपल्या पोटात काही बिघडले आहे याची जाणीव नसते. अलेक्सीच्या जठररसाची परीक्षा डंग्लिसन या वैद्याने केली, तेव्हा त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सापडले. नुसत्या आम्लाने तेवढे काम होत नाही, हेही बोमाँटच्या ध्यानात आले होते. तो दुसरा पदार्थ जर्मनीतील श्वान याने १८३६ साली शोधला व त्याला पेप्सिन हे नाव दिले. प्रथिने तोडण्याचे काम हे पेप्सिन आम्लाच्या साह्याने सुरू करते.

बोमाँटचा ग्रंथ १८३३ साली प्लॅट्सबर्ग येथे छापला गेला. त्यात २३८ प्रयोगांची नोंद आहे. ते नागरी विद्यापीठांपासून दूर, सीमेवरच्या ठाण्यात, बहुतांशी स्वतःच्या खर्चाने काम करीत होते. त्यांच्या चिकाटीला तोड नाही.

पण श्रोतेहो, या ग्रंथाच्या प्रत्येक पानाआड एक माणूस आडवा निजलेला आहे. रस काढताना त्याच्या पोटात खोल खड्डा पडल्यासारखे होई आणि घेरी येई. उपाशी राहा म्हटले की राहायचे, कुशीवर निजा म्हटले की निजायचे. प्रयोग नसेल तेव्हा तोच माणूस डॉक्टरांच्या घरी लाकडे फोडी आणि ओझी वाही. १८२५ साली तो न विचारता कॅनडाला निघून गेला, तेथे त्याने लग्न केले. १८२९ मध्ये बोमाँटनी त्याचा शोध लावून त्याला बायकोमुलांसह दूर मिसिसिपी नदीकाठच्या ठाण्यात आणविले. १८३१ साली तो पुन्हा परतला. १८३२ मध्ये लेखी करार झाला: वर्षाला १५० डॉलर, शिवाय अन्नवस्त्र, त्याच्या बदल्यात त्याने आपले जठर प्रयोगांसाठी उघडे ठेवायचे. हा करार ज्याच्या नावाने झाला, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८३४ मध्ये तो घरी गेला, आणि त्यानंतर कितीही पत्रे व आमिषे आली तरी बोमाँटकडे परत आला नाही. बोमाँट १८५३ साली वारले, तोवर त्यांची आशा सुटली नव्हती.

जठरात पाहिल्याने पचनाचे सगळे गूढ उकलले, असे मात्र नव्हे. अन्नाचे शोषण जठरात फारच थोडे होते. त्याचे खरे स्थान सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे होय. तेथे यकृताचे पित्त मेदाचे बारीक थेंब करते आणि स्वादुपिंडाचा रस त्या थेंबांची मेदाम्ले, पिष्टाची साखर व प्रथिनांची अमिनो आम्ले करावयास लागतो. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. साखर आणि अमिनो आम्ले त्यांतून रक्तात जातात व प्रथम यकृताकडे पोचतात. मेद निराळ्या वाटेने जातो. ही निराळी वाट इटलीतील असेली याला १६२२ सालीच दिसली होती. नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले असता त्याला दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्यांचे जाळे दिसले. स्वादुपिंडाचा रस मेदावर काय क्रिया करतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार याने १८४८ च्या सुमारास दाखविले.

शोषणाच्या या ज्ञानाचे मोल आपल्या देशाने प्रत्यक्ष अनुभवले आहे. आतड्यातून साखर आत जाताना मिठातील सोडियमला बरोबर घेऊन जाते, हा सिद्धांत रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडला. साखर व मीठ गेले की पाणीही त्यांच्या मागोमाग जाते; आणि पटकीच्या रोग्यातही ही वाट बंद झालेली नसते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे पाणी रोग्यांना पाजावयास लावले. शेकडा ३० च्या आसपास असलेला मृत्यूंचा आकडा शेकडा ४ च्याही खाली आला. आज खेडोपाडी जुलाब झालेल्या मुलाला आई जे पाणी चमच्याने पाजते, त्याच्यामागे असा शतकानुशतकांचा शोध उभा आहे.

त्या शोधात अलेक्सीचा वाटा किती? त्याने काही शोधले नाही, हे खरे. त्याचे जठर नसते तर बोमाँटनाही काही दिसले नसते, हेही तितकेच खरे. बोमाँटनी त्याचा जीव वाचविला, त्याला घरात ठेवले. आणि त्याच्या गरिबीचा व परावलंबनाचा उपयोगही करून घेतला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि इतिहास वाचताना त्यांतील एकही वगळून चालणार नाही. रोग्याला सर्व काही समजावून सांगून, त्याच्या राजीखुशीने घेतलेल्या संमतीखेरीज त्याच्यावर प्रयोग करू नये, असा दंडक आज सर्वत्र मानला जातो. तो विसाव्या शतकात अनेक दुःखद अनुभवांनंतर घातला गेला.

अलेक्सी २४ जून १८८० रोजी कॅनडातील सेंट थॉमस या गावी वारला. पोटाला भोक असूनही तो बोमाँटनंतर सत्तावीस वर्षे जगला. त्याचे जठर तपासण्यासाठी व संग्रहालयात ठेवण्यासाठी मिळावे, अशी विख्यात डॉक्टर ऑस्लर यांची इच्छा होती. घरच्यांनी साफ नकार दिला. एवढ्यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून उन्हाळ्याच्या त्या दिवसांत त्यांनी प्रेत नेहमीपेक्षा अधिक काळ घरातच ठेवले. ते इतके कुजले की अंत्यविधीच्या वेळी शवपेटी चर्चच्या बाहेरच ठेवावी लागली. नंतर कोणी उकरून नेऊ नये म्हणून आठ फूट खोल खड्डा खणून ते पुरले. आपल्या माणसाचे प्रेत मुद्दाम कुजू देणे ही घरच्यांना सोपी गोष्ट नव्हती. ज्याचे पोट आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उघडे राहिले, ते मेल्यावर तरी झाकलेले राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

१९६२ साली कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्या गावी अलेक्सीच्या नावाचा स्मृतिफलक बसविला. त्याची सेवा शास्त्राने अशी उघडपणे मान्य केली, तेव्हा त्याच्या मृत्यूला ८२ वर्षे झाली होती. शिक्षक या नात्याने मला इतकेच सुचवावेसे वाटते की, मुलांना जठराची आकृती दाखविताना बोमाँटचे नाव सांगावे, आणि त्याच दमात त्या मजुराचेही सांगावे. मुलांना ते लक्षात ठेवणे मुळीच जड जाणार नाही.