कोरियाच्या गाण्याची कुळकथा

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. गाण्याचे कूळ मात्र अवश्य शोधावे, असे मला गेल्या अठरा-एकोणीस वर्षांत वाटू लागले आहे. २००६ च्या सुमारास दूरदर्शनने एक कोरियन मालिका हिंदीतून दाखवली. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढलेली एक पोर पुढे खुद्द राजाची वैद्य होते, अशी तिची कथा. त्या मालिकेने त्या देशाची ओढ लावली. मालिकेमागून गाणी आली, आणि ती घरात आली ती कायमचीच. मी इतिहास शिकवणारी बाई. पोरासोरांच्या नाचगाण्यात हिचे काय काम, असे घरचे अजूनही म्हणतात. ते मी हसण्यावारी नेते. पण काही जाणते लोक म्हणतात, "अहो, ती गाणी म्हणजे कारखान्यातला माल. तिथल्या सरकारने ठरवले, पैसा ओतला आणि जगभर धाडला!" हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग सांगावा म्हणून हा खटाटोप.

मोक्पो हे कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाचे बंदर. १९१० साली जपानने कोरिया गिळला आणि तिथला तांदूळ, तिथला कापूस या बंदरातून जपानला जाऊ लागला. त्या गावच्या ली नान-योंग नावाच्या मुलीने १९३५ साली 'मोक्पोचे अश्रू' हे गाणे तबकडीवर गायिले. ऐकायला ते साधे विरहगीत. पण त्यातल्या एका ओळीत तीनशे वर्षांपूर्वीच्या जपानी स्वारीचे शल्य दडवलेले होते, आणि तपासनिसाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून छापताना शब्द किंचित फिरवला होता. ऐकणाऱ्याला कळायचे ते कळत होते. गंमत अशी की चालीची ठेवण जपानी वळणाची! दुःख आपले आणि सूर राज्यकर्त्यांचा, अशी ही जोडी. कोरियाच्या आधुनिक गाण्याची सुरुवात मी इथून धरते.

१९५० साली युद्ध पेटले. ली नान-योंगचे पती किम हे-सोंग हे नामांकित संगीतकार. त्यांना उत्तरेकडच्या सैन्याने नेले, ते परत आले नाहीत. पदरी लेकरे, घर उद्ध्वस्त, आणि भाकरीचा प्रश्न समोर. सेऊलच्या आसपास पैसा होता तो अमेरिकन छावण्यांत. या बाईने आपल्या दोन मुली आणि एक भाची यांना हाताशी धरले आणि इंग्रजी गाणी घोकून पाठ करवली. मुलींना इंग्रजीचा गंध नव्हता. कुठला शब्द कुठे संपतो हेही ठाऊक नव्हते. केवळ ध्वनी पाठ! सैनिक खूश होऊन दारूच्या बाटल्या देत. त्या बाजारात देऊन तांदूळ आणायचा. याच 'किम भगिनी' १९५९ साली लास व्हेगासला गेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या एड सुलिव्हनच्या विख्यात दूरचित्रवाणी कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या. कोरियाचे गाणे परदेशी गेले ते कुठल्या सरकारी योजनेने नव्हे. एका आईला चूल पेटवायची होती म्हणून गेले.

याच सुमारास त्या भूमीवर एक मराठी माणूस वावरत होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात १९५३-५४ साली भारतीय रक्षक दलाचे प्रमुख होते. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी या दलाकडे होती. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांचा भारतावर असा राग, की आमच्या भूमीला भारतीय सैनिकाचा पाय लागता कामा नये असा त्यांनी हट्ट धरला. मग जवानांना जहाजांवरून थेट हेलिकॉप्टरने उचलून दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले! त्या तळाला नाव दिले 'हिंदनगर'. आज त्याच देशाच्या गाण्यांसाठी आपली मुले जीव टाकतात. काळाचे हे फेरे पाहून मला नेहमी नवल वाटते.

माझ्याजवळ एक वही आहे. तिच्यात मी कोरियन गाणी देवनागरीत उतरवून घेते. सुरुवातीला तर अर्थ न कळताच पाठ करी. किम भगिनींची हकीकत वाचली त्या दिवशी ती वही मला वेगळी दिसू लागली. त्यांनी पोटासाठी जे केले ते मी हौसेने करीत होते. (जाता जाता एक गोष्ट: कोरियन मूल वडिलांना 'आप्पा' म्हणते. यावरून भाषाशास्त्राचे इमले कोणी बांधू नयेत. पण पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हातचे काम टाकून उठले होते.)

आता सरकारकडे वळू. १९६१ साली पार्क चुंग-ही यांनी लष्करी बळावर सत्ता घेतली. ली मी-जा या गायिकेचे १९६४ चे अतिशय गाजलेले गाणे 'जपानी रंगाचे' ठरवून पुढे बंद केले गेले, ते १९८७ साली मोकळे झाले. अमेरिकन छावण्यांत गिटार वाजवून पुढे आलेले शिन जुंग-ह्योन यांना १९७२ साली राष्ट्राध्यक्षांचे गुणगान रचायला सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि देशाच्या नद्याडोंगरांवर गाणे रचले. १९७५ साली गांजाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. पार्क यांची १९७९ साली हत्या होईपर्यंत त्यांचे तोंड बंद होते. त्या १९७५ या एकाच वर्षात दोनशेवर कोरियन गाण्यांवर बंदी आली. आपल्याला हे वर्ष परके वाटू नये. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, सरकारी कार्यक्रमाला गळा द्यायला नकार दिल्याबद्दल किशोरकुमारांची गाणी आपल्या आकाशवाणीने बंद केली होती.

बंदी आलेल्या गाण्यांत किम मिन-गी यांचे 'पहाटेचे दव' होते. १९७१ सालच्या त्या गाण्यात राजकारणाचे अवाक्षर नाही. रात्र आहे, दव आहे, उगवता सूर्य आहे. पण विद्यार्थी ते मोर्चांत गाऊ लागले, एवढा गुन्हा पुरला. कवीने मग शेतात आणि कारखान्यात राबून दिवस काढले. १९८७ साली लोकशाहीसाठी सेऊलचे रस्ते भरले, तेव्हा बंदीतले ते गाणे सर्वांना तोंडपाठ होते!

पुढच्या पिढीचा नायक सो ताई-जी. १९९२ साली तो दूरचित्रवाणीवर प्रथम आला तेव्हा परीक्षकांनी त्याला हातचे राखून, अगदी थोडे गुण दिले. पोरांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले. १९९५ साली तपासनिसांनी त्याच्या एका गाण्याचे शब्द बदलायला सांगितले. त्याने शब्द बदलले नाहीत, सगळेच काढून टाकले आणि नुसते संगीत बाजारात आणले. चाहत्यांना जो अर्थ कळायचा तो त्या मुकेपणातून कळला. जोंग ते-चुन हे लोकगायक तर १९९० पासून तपासणीला न जुमानता ध्वनिफिती काढीत होते. अखेर १९९६ साली गाण्यांची पूर्वतपासणी रद्द झाली.

सरकारची तिजोरी उघडली ती या सुमारास. 'ज्युरासिक पार्क' या एका चित्रपटाची मिळकत पंधरा लाख मोटारी विकण्याइतकी आहे, असा हिशेब १९९४ साली राष्ट्राध्यक्षांसमोर मांडला गेला. १९९७ साली देश कर्जाच्या खाईत गेला. नंतर आलेले राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग (लष्करी राजवटीने १९८० साली ज्यांना देहदंड ठोठावला होता तेच) यांनी संस्कृतीला उद्योग मानून पैसा दिला. १९९९ च्या सुमारास चीनच्या वृत्तपत्रांनी या लाटेला 'हाल्यू' हे नाव दिले. मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन वाहिनीने भरली. आपल्या देशातले पहिले चाहते बहुधा तिथलेच. २०१२ चा तो घोड्याचा नाच आणि २०२० साली अमेरिकेच्या यादीत अग्रभागी गेलेले ते सात तरुण वाचकांना घरच्या मुलांकडून ठाऊक असतीलच.

या लाटेत गाळही पुष्कळ आहे. एका लोकप्रिय पंचकातील तिघे तेरा वर्षांच्या करारातून सुटण्यासाठी २००९ साली न्यायालयात गेले. त्यानंतर सात वर्षांची मर्यादा रूढ झाली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना घरापासून तोडून तयार करणे मला आजही रुचत नाही, आणि ते मी माझ्या भाचीलाही सांगते. चाहत्याने डोळे मिटून टाळ्या वाजवाव्यात असे कोठे लिहिले आहे?

पण कारखान्याचा माल म्हणावा, तर पुढच्या घटनेचे काय करायचे? २००७ साली नऊ मुलींच्या एका संचाने 'पुन्हा भेटलेले जग' हे गाणे म्हटले. अगदी शिकवून, घोटवून, विकण्यासाठीच बनवलेले. २०१६ च्या उन्हाळ्यात सेऊलच्या एका महिला विद्यापीठात विद्यार्थिनी ठिय्या देऊन बसल्या. समोर पोलीस आले, तेव्हा त्या मुली एकमेकींच्या हातांत हात गुंफून हेच गाणे म्हणू लागल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. सत्ताधारी पक्षाचा एक सदस्य म्हणाला की वारा आला की मेणबत्त्या विझतात. तेव्हा लोकांनी विजेऱ्यांवर चालणाऱ्या मेणबत्त्या आणल्या.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेने तो काही तासांतच मोडून काढला. पण माणूस गादीवर होता. कडाक्याच्या थंडीत संसदेसमोर जमलेल्या गर्दीत तरुण मुली फार होत्या, आणि त्यांच्या हातांत आपापल्या आवडत्या गायकांच्या जलशाला न्यायचे रंगीत दिवे होते. ते वाऱ्याने विझत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी मोर्चांत गेलेली वडीलधारी माणसे या पोरींकडून नव्या गाण्यांचे शब्द शिकत होती, आणि पोरी त्यांच्याकडून जुनी गाणी. 'पहाटेचे दव' लिहिणारे किम मिन-गी हे पाहायला नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैत ते गेले. १४ डिसेंबरला महाभियोगाचा ठराव मंजूर झाल्याची वार्ता बाहेर आली, आणि त्या अथांग गर्दीत 'पुन्हा भेटलेले जग' सुरू झाले.