बोवेनच्या आंब्याची कुळकथा



तिकडे थंडीच्या दिवसांत बोरे आणि हरभऱ्याचे घाटे येतात, आणि इकडे आपल्या दुकानांत आंब्याचे ट्रे लागतात. गेल्या नाताळच्या सुट्टीतल्या जेवणाला आमरसाचे काम आम्हा स्वयंसेवकांकडे होते. बोवेनचे आंबे आणून आम्ही रस काढला, वेलदोडा घातला. पहिल्या वाटीलाच एक काका म्हणाले, "रस छान झालाय हो, पण हा आंबा नव्हे!" शेजारी त्यांची नात तिसरी वाटी चाटून पुसून संपवत होती. तिच्या लेखी आंबा म्हणजे हाच. दोघांचेही खरे वाटले, म्हणून आम्ही या आंब्याची कुळकथा शोधायला बसलो.

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून ब्रिटिश फौजेसाठी भारतात घोडे जात. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना 'वेलर' नाव पडले. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर १८६१ मध्ये बोवेन हे बंदर वसले. घोडे विकून परतणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर १८८० च्या दशकाच्या सुमारास आंब्याच्या कोया इथे आल्या, असे परंपरेने सांगतात. त्यातून जी जात रुजली तिचे नाव 'केन्सिंग्टन प्राइड'. दुकानात आपण तिलाच बोवेन आंबा म्हणतो.

मग हापूसच का नाही आला? हापूसच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो परागीकरणातून तयार होतो. म्हणून हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही. कलमच बांधावे लागते. ही विद्या पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात बहरली आणि आफोन्सो द अल्बुकर्कचे नाव या आंब्याला चिकटले. केन्सिंग्टनच्या कोयीतून मात्र एकाच वेळी अनेक रोपे फुटतात आणि त्यांतली बहुतेक आईसारखी हुबेहूब निघतात. बोटीवर कलम जगवायचे तर रोज ऊन, वारा, पाणी पाहावे लागते. कोय खिशातसुद्धा राहते!

काकांच्या नाकाचेही चुकले नव्हते. केन्सिंग्टनच्या वासात टर्पिनोलीन या द्रव्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. हापूसमध्ये ऑसिमीन जास्त असते आणि पिकताना त्यात लॅक्टोन व फ्युरॅनोन गटांतली द्रव्ये वाढतात. हापूसच्या वासाचा हा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला आहे. थोडक्यात, बोवेन हा बिघडलेला हापूस नव्हे. तो वेगळ्या घराण्याचा आंबा आहे.

त्याच १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून 'मलगोबा'ची काही कलमे अमेरिकेतल्या फ्लोरिडाला गेली. त्यांतली जेमतेम जगली. मलगोबाच्या कोयीतून 'हेडन' झाला, हेडनच्या वंशात 'केंट' आला, आणि केंटच्या कोयीतून बोवेनच्या संशोधन केंद्रात 'आर-टू-ई-टू' हा मोठा, लालसर आंबा निघाला. आपण तो 'परदेशी वाण' म्हणून बाजूला ठेवतो, पण त्याची पणजी मुंबईच्या धक्क्यावरून निघालेली आहे.

फळांना असा मार्ग मिळाला. माणसांचे काय? १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालण्याची सोय केली. अधिकाऱ्याने मनात आणले तर येणाऱ्याला न येणारीच भाषा निवडायची! क्वीन्सलँडने तर १९२१ मध्ये कायदा करून केळीच्या बागेत काम करणाऱ्या बिगर-युरोपीय माणसांनाही अशी परीक्षा लावली. त्याआधी त्या राज्याच्या उत्तर भागात केळीचा धंदा बराचसा चिनी बागाईतदारांनी उभा केला होता. म्हणजे कोय आत आली, आणि तिची चव जाणणारा माणूस दाराबाहेर राहिला. प्रवेशाच्या वेळचे श्रुतलेखन १९५८ मध्ये गेले आणि उरलेसुरले वर्णभेदी धोरण १९७३ मध्ये. आपल्यापैकी बहुतेक घरे त्यानंतरची.

तरीही काही माणसे टिकून राहिली. न्यू साउथ वेल्समधल्या वूलगूल्गा गावी शीख कुटुंबांनी केळीच्या बागा केल्या आणि १९६८ मध्ये गुरुद्वारा उभारला. सिडनीत चिनी माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पालेभाज्यांचे मळे राखले. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांच्या बाजारांत कारली, दोडकी, दुधी दिसू लागले. १९८७ च्या फिजीतल्या उठावांनंतर तिथली भारतीय वंशाची मंडळी आली. भेंडी आणि अळू त्यांच्या रोजच्या जेवणातले. आज आपण अळूवड्या करतो तेव्हा या सगळ्यांनी आधी निर्माण केलेल्या गिऱ्हाइकीचा आपल्याला फायदा होतो, हे आम्हाला हा लेख लिहितानाच उमगले.

जाता जाता सीताफळाचे. इथे 'कस्टर्ड ॲपल' म्हणून मिळते ते बहुधा 'ॲटेमोया', म्हणजे आपले सीताफळ आणि दक्षिण अमेरिकेतले चेरिमोया यांचा संकर. अर्धे सीताफळ तर आहेच की! गर जास्त, बिया कमी.

एक विनंती. देशातून येताना कोय, कलम, कडीपत्त्याची काडी सामानात आणू नका. घोडेवाल्यांचे दिवस गेले, आणि एका काडीबरोबर आलेली कीड इथल्या बागाईतदाराचे वर्ष बुडवू शकते.

दुसरी विनंती आनंदाची. पुढच्या जेवणाला प्रत्येक घराने इथल्या बाजारातले एक फळ किंवा भाजी आणावी, सोबत चिठ्ठीवर तिचे मराठी नाव आणि इथले नाव लिहावे. मराठी नाव नसेल तर मुलांना ठेवू द्या. आमरस पुन्हा बोवेनचाच असेल. काकांनी जरूर यावे, आणि नातीच्या शेजारीच बसावे.