तळं सार्वजनिक, मंदिर कुणाचं? काळाराम सत्याग्रह कायद्याच्या बाजूने वाचताना

काळाराम सत्याग्रहावरचे बरेच सेमिनार पेपर एकाच पद्धतीने सुरू होतात. 2 मार्च 1930, पंचवटी, हजारोंचा मोर्चा, मंदिराचे बंद दरवाजे. त्यात चुकीचं काही नाही. पण या लढ्याचं नेतृत्व करणारे डॉ. आंबेडकर 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले होते, 1928 मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवत होते आणि 1935 मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. हे सगळं पेपरच्या सुरुवातीला चरित्राच्या दोन ओळींत येतं आणि पुढे गायब होतं. मला वाटतं, पंचवटी समजायची असेल तर त्या दोन ओळी शेवटपर्यंत सोबत ठेवायला हव्यात.

तुलनेसाठी महाड घ्या. 1923 मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा हातात कागद होता. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावरचा दुसरा सत्याग्रह थांबवला आणि केस लढवली. खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत ती नऊ वर्षांहून अधिक काळ चालली. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाने सवर्णांचं अपील फेटाळलं.

हा निकाल मुळातून वाचाच. तळं नगरपालिकेचं, हे ठरलेलंच होतं. राहिला प्रश्न रूढीचा. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, हे सवर्णांना सिद्ध करायचं होतं, आणि ते जमलं नाही. पण न्या. ब्रूमफील्ड (हो, 1922 मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच) यांनी त्याच निकालात मंदिरांचा विषय वेगळा काढला. मंदिराच्या बाबतीत जुनी वहिवाट असेल, तर ते वरच्या जातींसाठीच अर्पण केलेलं आहे असं गृहीत धरता येऊ शकतं, आणि मग आपलाही हक्क आहे हे सिद्ध करण्याचा भार अस्पृश्यांवर येऊ शकतो, असा त्यांचा सूर आहे.

इथे पुराव्याचा भार बाजू बदलतो. तळ्यावर 'यांना का वगळता?' हे सवर्णांना सांगावं लागतं. मंदिराच्या दारात 'मला का घ्यावं?' हे बाहेर उभ्या असलेल्याला सांगावं लागतं.

आता तारखांकडे बघा, कारण गाडी इथे हमखास घसरते. 1937 चा निकाल 1930 च्या निर्णयाचं कारण असू शकत नाही. पण ब्रूमफील्ड ज्या कमुदी खटल्याचा आधार घेतात तो जुना आहे. तमिळ प्रदेशातल्या कमुदीच्या मंदिरात 1897 मध्ये नाडर समाजातले लोक शिरले, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1908 मध्ये नाडर हरले. म्हणजे 1930 मध्ये मंदिरप्रवेशाच्या बाबतीत कायदा कुणाच्या बाजूने उभा आहे, हे मुंबईतल्या कुठल्याही अभ्यासू वकिलाला समजण्यासारखं होतं. बाबासाहेबांनी याच कारणासाठी सत्याग्रहाचा मार्ग निवडला, असं मी म्हणत नाही. तो पुराव्याच्या पुढचा दावा होईल. मी एवढंच म्हणतो की महाडला त्यांच्या बाजूने असलेला कायदा पंचवटीत त्यांच्या बाजूने नव्हता.

एकदा हे लक्षात आलं की पंचवटीतले तपशील वेगळे दिसू लागतात. एप्रिल 1930 मधल्या रामनवमीला दोन्ही बाजूंत तडजोड ठरली ती रथ ओढण्याबाबत, गाभाऱ्याबाबत नाही. रथ रस्त्यावरून जातो, आणि रस्ता सगळ्यांचा! तीही तडजोड टिकली नाही, दगडफेक झाली. पुढची पाच वर्षं भाऊराव (दादासाहेब) गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा धरून ठेवला. बाबासाहेब मधल्या काळात गोलमेज परिषदांसाठी लंडनला होते, त्यामुळे पत्रव्यवहार भरपूर झाला. आपल्यासारख्यांसाठी ती पत्रं म्हणजे खजिनाच आहे. 3 मार्च 1934 च्या पत्रात ते गायकवाडांना स्पष्ट कळवतात की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता. त्यांना जागं करण्याचा तो मार्ग होता, आणि आता ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. 13 ऑक्टोबर 1935 ला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि काळारामाचा सत्याग्रह संपला. त्याआधी, 1933 मध्ये, रंगा अय्यर यांच्या मंदिरप्रवेश विधेयकालाही त्यांनी पाठिंबा दिला नव्हता. मंदिर उघडायचं की नाही हे बहुमतावर सोडायचं आणि अस्पृश्यता हे पाप आहे असं कुठेच म्हणायचं नाही, हे त्यांना मान्य नव्हतं.

यानंतर संविधान उघडा. कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत, आणि अटही तीच, सरकारी पैशातून चालवलेले किंवा जनतेसाठी अर्पण केलेले. बोले ठरावाची आठवण यावी अशी ही भाषा आहे. मंदिर तिथे नाही. ते कलम 25(2)(ब) मध्ये येतं, 'सार्वजनिक स्वरूपाच्या' हिंदू धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करणारा कायदा करण्याची मुभा म्हणून. मुंबई प्रांताने असा कायदा 1947 मध्येच केला होता. तळं आणि मंदिर अजूनही दोन वेगळ्या कलमांतच आहेत, फक्त 'सार्वजनिक' हा शब्द आता दोन्हीकडे पोहोचला आहे. तो कसा पोहोचला हे शोधायचं असेल, तर संविधान सभेच्या 29 नोव्हेंबर ते 6 डिसेंबर 1948 या दिवसांतल्या चर्चा आधी वाचायला घ्या, आणि शेजारी 1937 चा निकाल उघडा ठेवा.